पूजेतला बारा नंबरचा पाना

पाव्हणे आत साबुदाण्याची खिचडी खात होते आणि मी अंगणात त्यांच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो होतो. गाडी आली तेव्हाच मला कळलं होतं. वाडीच्या वळणावर त्यांनी ब्रेक मारला आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा असा आवाज आला की आमची म्हैस दावं ताणून उभी राहिली. आई म्हणाली, पाव्हण्यांच्या गाडीचा हॉर्न वेगळाच आहे.

मी चाकावरच्या ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवलं. नांगरल्यासारखी झाली होती. वाकून पॅड बघितले. पॅडवर जो घासायचा काळा थर असतो, तो संपला होता. नुसती पत्र्याची पट्टी उरलेली. म्हणजे ही माणसं पत्र्यावर घाट चढून आली होती, आणि आता पत्र्यावरच उतरणार होती.

सांगावं की गप्प बसावं?

गप्प बसणं माझ्या फायद्याचं होतं. सकाळीच अक्कानं मला गोठ्यात गाठलं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वैजयंता. कोल्हापुरात राहून लॅबचा कोर्स केलेली. रक्त-लघवी तपासायची नोकरीसुद्धा तिथंच लागली होती, दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं. पण आमच्या वडिलांचं, आण्णांचं, ठरलेलं, लग्न आधी. नोकरीचं मग सासरचे बघतील. आणि सासरचे म्हणजे हे घाटाखालचे रावराणे, ज्यांच्या गावात दवाखानाच नाही. अक्का म्हणाली, "धैऱ्या, पसंती सांगायच्या आत ही माणसं घाटाखाली गेली पायजेत. कायबी कर. फक्त भांडू नको."

भांडू नको, हे मला घरात रोज सांगतात. मी तेव्हा सोळाचा होतो. गणिताच्या मास्तरांशी वाजलं म्हणून नववीतच शाळा सोडलेली आणि बावड्याच्या एका गॅरेजात जाऊन बसायचो. या सगळ्याला आता तीन वर्षं झाली. राग तेवढाच आहे, पाने वाढलेत.

तर गप्प बसलो असतो तर खिचडी संपवून ते निघालेच असते. पण आमचा घाट मी बघितलाय. कठडा नावाला आहे. त्यात मागे बसणारा मुलाचा मामा दोन पोत्यांच्या वजनाचा. अक्काचं स्थळ मोडायला पाहिजे हे खरं, पण असं नको.

मी आत गेलो. मामा खुर्चीत मांडी घालून बसले होते. नवरात्राचा उपास, त्यामुळे अनवाणी, आणि सायलेन्सरला लागून एका पायाच्या अंगठ्याला फोड आलेला. त्यांच्या शेजारी त्यांचा भाचा, म्हणजे नवरामुलगा, अरविंद. पतसंस्थेत कारकून. तो ताटलीतला एकेक साबुदाणा बघून खात होता.

"पाव्हणं, तुमच्या गाडीला ब्रेक न्हाई," मी म्हटलं.

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरा कुणी असता तर परत शाळेत गेला असता. मामांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, ब्रेक नसता तर आम्ही एवढ्या वर आलो कसे?

"वर यायला ब्रेक लागत न्हाई, मामा."

अरविंद पहिल्यांदा हसला. लगेच थांबला.

मग मी त्यांना बाहेर आणून दाखवलं. बारा नंबरच्या पान्यानं दोन बोल्ट काढले, पॅड धरणारा कॅलिपर सोडवला, जुने पॅड काढून मामांच्या हातावर ठेवले. मामांनी ते पानपट्टीवरच्या सुपारीसारखे उलटेपालटे केले आणि म्हणाले, बरे आहेत की. आण्णा म्हणाले, आमच्या दारात आलेल्या गाडीला नवे ब्रेक आम्ही घालणार. मामा म्हणाले, आम्ही मुलीकडून काही घेत नाही, तत्त्व आहे. आण्णा म्हणाले, मग आहेर समजा. मामा म्हणाले, आहेर अंगावर घालतात, ब्रेक कोण घालतं अंगावर? आण्णा म्हणाले, गाडीच्या अंगावर घालतात. मामांनी पॅड परत माझ्या हातात दिले. शेवटी आण्णांनी मला गोठ्याकडं नेऊन पैसे दिले आणि बजावलं, दुकानातला सगळ्यात भारी आण. मामांनी मला पायरीपाशी गाठून पैसे दिले आणि बजावलं, सगळ्यात साधा आण आणि तुझ्या वडिलांना सांगू नको. गाडी कुणाची होती? अरविंदची. त्याला मी विचारलं, तुम्हाला कसला पाहिजे? त्यानं मामांकडं बघितलं.

दुधाच्या टेम्पोतून बावड्याला गेलो. खंडेनवमी होती. माझं गॅरेज बंद, हत्यारं पूजेला मांडलेली. स्पेअर पार्टच्या दुकानाचं शटर अर्धं खाली, मालक स्टुलावर चढून झेंडूचं तोरण बांधत होता. मी जुने पॅड दाखवले. त्यानं तीन जोड्या काउंटरवर टाकल्या. स्वस्तातली मी नखानं खरवडली तर नखात भुकटी आली. ती गेली. महागातली दगडासारखी कडक. ती वर्षानुवर्षं टिकते, पण आधीच नांगरलेली डिस्क आणखी खाल्ली असती. मधली मऊ होती. लवकर झिजते पण चटकन धरते. घाटाला तीच पाहिजे. मी मधली घेतली आणि पँटच्या खिशात घातली. आण्णांच्या शब्दासाठी महागातलीही घेतली, खोकं हातात मिरवायला. दोघांचे पैसे होतेच.

परत आलो तर अंगणात अगरबत्तीचा वास.

सोप्यात पाटावर घरातलं सगळं लोखंड मांडलं होतं. तलवार आमच्याकडं नाही, म्हणून आण्णा कुऱ्हाडीला मधे ठेवतात. तिच्या दोन्ही बाजूंना कोयता, विळा, खुरपी, विळी, आईची सुरी, अडकित्ता, खलबत्ता. आणि पुढच्या रांगेत, लहान-मोठे लावून, माझे पाने. पक्कडसुद्धा. सगळ्यांना तेल चोळून हळदी-कुंकू. बाहेर गाडीच्या हँडलला माळ, लोंबकळणाऱ्या कॅलिपरला छोटी माळ. आणि डिस्क चकाकत होती.

मी बोट लावलं. तेल.

आण्णा कौतुकानं म्हणाले, "केवढी खरखरीत झाली हुती. चांगली वाटीभर जिरवली बघ."

ब्रेकच्या डिस्कला तेल. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. आण्णांचं म्हणणं एवढंच की लोखंडाला तेल लावायचं असतं, त्यांच्या आजापासून लावतात, आणि आजवर एकाही विळ्यानं तक्रार केलेली नाही. मी त्यांना समजावत होतो की विळ्याला थांबायचं नसतं, गाडीला थांबायचं असतं, तेवढ्यात आईनं माझ्या हातातलं खोकं घेतलं, उघडलं, आणि नवी वस्तू घरात आली म्हणून दोन्ही पॅडच्या मधोमध तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट उठवलं. थरात तेल मुरताना मी डोळ्यांनी बघितलं. महागातली जोडी तिथंच मेली.

खिशातल्या जोडीवर मी हात दाबून धरला आणि म्हटलं, मला माझा पाना द्या, मी बघतो काय करायचं ते. आण्णा म्हणाले, पूजेला मांडलेलं उद्या दसऱ्याला उतरवायचं, त्याच्या आत हात लावायचा नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरात त्या दिवशी चिरलेलं काही मिळत नाही. आई आदल्या दिवशीच सगळं चिरून ठेवते. पण आदल्या दिवशी पाव्हणे राहणार हे कुणाला ठाऊक होतं? आई चुलीपाशी भोपळा दगडावर आपटत होती.

एस.टी.नं जा म्हटलं तर मामा म्हणाले, गाडी इथं ठेवून गेलो तर लोक म्हणतील मुलीला बघायला गेले आणि गाडी देऊन आले. तेव्हा मुक्काम ठरला.

आणि मी बावड्याला गेलो होतो त्या वेळात दुसरं पण ठरलं होतं. मामांना मुलगी पसंत पडली होती. आण्णांनी लगेच सुपारी फोडायला काढली होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग कुणी मागं फिरत नाही. पण अडकित्ता पूजेत. खलबत्ता पूजेत. मामा म्हणाले, वरवंट्यानं ठेचा. आण्णा म्हणाले, आमच्यात ठेचत नाहीत. मग मामांनीच तोड काढली, उद्या दसरा, मुहूर्त विचारायला नको, सकाळी अडकित्ता उतरला की पहिली सुपारी.

म्हणजे खिचडी संपवून निघालेली माणसं माझ्या शहाणपणामुळं मुक्कामाला राहिली, आणि मुक्कामाला राहिली म्हणून अक्काची सुपारी फुटणार होती. मला स्वतःलाच एक ठेवून द्यावी वाटली.

अक्काची आणखी वेगळी गंमत. तिला सकाळी रीतसर दाखवून झालं होतं. एकदा दाखवल्यावर मुलगी परत परत समोर येत नाही. पण आमचं घर म्हणजे सोपा, माजघर आणि चूल. मग आई आधी खोकायची, मामा डोळे मिटून स्तोत्र पुटपुटायचे, अरविंद भिंतीकडं तोंड करायचा, आणि अक्का कळशी घेऊन मधून जायची. दुसऱ्या खेपेला अरविंद चुकून तिच्याच बाजूच्या भिंतीकडं वळला. दोघं समोरासमोर आली. तो म्हणाला, "माफ करा, मी बघितलं नाही." अक्का म्हणाली, "सकाळीबी बघितलं न्हाई तुम्ही. ताटलीतच बघत हुता." आई एवढ्या जोरात खोकली की तिला खरंच ठसका लागला.

उन्हं उतरायला लागली. मी गाडीपाशी बसून बोटांनी बोल्ट आवळता येतात का बघत होतो. येत नाहीत. अरविंद येऊन शेजारी बसला. शर्ट मळेल म्हणून काळजी करणारा वाटला होता, पण तो मातीतच बसला.

म्हणाला, पॅड गेलेत हे त्याला महिन्यापूर्वीच कळलं होतं. मामांना सांगितलंही. मामा म्हणाले, आधी मुलगी बघून होऊ दे.

"मग गाडी तुमची का मामांची?"

"माझी. हप्ते मीच भरतो." थोडा वेळ तो माळेतलं एक झेंडूचं फूल कुस्करत बसला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "धैर्यशील, तुझ्या अक्कांना कुणी विचारलंय का?"

"काय?"

"मी पसंत आहे का, ते."

"तुम्हाला विचारलंय का कुणी?"

"मला ब्रेकबद्दल पण कुणी विचारत नाही," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. त्याच्यावर नाही, कुणावर ते सांगता येत नाही. हातातला कॅलिपर मी सोडून दिला, तो डिस्कवर आपटून खणकन वाजला. मी ओरडलो, की या घरात एक पाना उचलायची कुणाची छाती नाही आणि बाकीचं सगळं उचलून द्यायला निघालेत. म्हैस परत उठून उभी राहिली.

मागल्या दारातून अक्का आली. कुणी खोकलं नाही, कुणाला वेळच मिळाला नाही. सकाळची साडी सोडून तिनं रोजचा ड्रेस घातला होता. ती सरळ सोप्यात गेली, पाटापुढं वाकली, आणि रांगेतून बारा नंबरचा पाना उचलला. पान्यावरचं फूल घरंगळून कुऱ्हाडीवर पडलं.

आई म्हणाली, "अगं, पूजेतलं हाय ते."

"कुंकू लावून पाटावर बसवलेलं उठवायचं न्हाई, एवढंच न्हवं?" अक्का म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "मलाबी सकाळी कुंकू लावून पाटावरच बसवलं हुतं. मी उठले की."

आण्णा पाटाशेजारी बसले होते. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं, नुसती पाठ दिसत होती.

बोलले ते मामा. त्यांचं तोंड उलट उजळलं होतं. ते खुर्चीतून उठून लंगडत पुढं आले. "चला, बरंच झालं. एक उचललं म्हणजे पूजा उतरली. आता उद्यावर कशाला? तो अडकित्ता द्या इकडं, सुपारी आत्ताच फोडू." आणि त्यांनी वाकून हात पुढं केला.

आण्णांनी अडकित्त्यावर आपला पंजा ठेवला.

"ते पूजेत हाय," ते म्हणाले.

मामांचा हात तसाच राहिला. "आणि पाना?"

आण्णांनी अंगणात गाडीकडं बघितलं. त्यांना एवढा विचार करताना मी ऊस कारखान्याला घालतानासुद्धा बघितलं नव्हतं.

"पाना गाडीचा. गाडी तुमची. आमच्या पूजेत चुकून आला हुता त्यो."

"मग उद्या सकाळी तरी..."

"उद्याचं उद्या," आण्णा म्हणाले. पंजा हलवला नाही. "पोरगं गाडी जोडून देईल. घाट उजेडात उतरा."

हा नकार आहे हे मामांना कळायला जरा वेळ लागला. मला त्याहून जास्त लागला. मी तसाच उभा होतो. अक्कानं पाना माझ्या हातात आणून कोंबला आणि म्हणाली, "उभा का ऱ्हायलास? डिस्क पुसायला काय पायजे?"

मी म्हटलं, पेट्रोलनं तेल जातं पण पूर्ण नाही. ती आत गेली आणि कोर्सच्या बॅगेतून स्पिरिटची बाटली आणि कापसाचा गुंडा घेऊन आली. सुई टोचायच्या आधी दंड पुसतात तशी तिनं डिस्क पुसली. एका बोळ्यानं एकदाच, मग तो टाकून दुसरा. बोळे आधी पिवळे, मग लाल, मग काळे, मग पांढरेच्या पांढरे निघाले. अरविंदनं दुसऱ्या बाजूनं पुसायला घेतलं. ती म्हणाली, गोल नको, आतून बाहेर पुसा. त्यानं तसं पुसलं.

मी खिशातली जोडी काढली. आई कुंकवाची वाटी घेऊन दारात आली होती. ती जोडी बघितल्यावर एक पाऊल पुढं आली, मग आमची तिघांची तोंडं बघून वाटी पदराआड धरली. मी कॅलिपरमधलं पॅड ढकलणारं पिस्टन अंगठ्यांनी आत दाबलं, पॅड बसवले, कॅलिपर डिस्कवर चढवला, बोल्ट आवळले. मग अरविंदला ब्रेकची दांडी दाबायला लावली. पहिल्यांदा दांडी पोकळच गेली, थेट मुठीला टेकली. त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, दाबत ऱ्हावा, पिस्टन पुढं यायला वेळ लागतो. हळूहळू दांडी घट्ट झाली.

अंगणाच्या उतारावर त्याला करून बघायला सांगितलं. मामा आधीच मागं बसले होते, फुगून, आमच्याकडं पाठ करून बसता येत नाही म्हणून मान तरी वळवून. गाडी चार हात गेली, अरविंदनं ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि मामांचं नाक त्याच्या पाठीत बसलं.

"धरतोय," अरविंद म्हणाला. हे तो मला म्हणाला नाही.

"गिअरमधीच उतरा," अक्का म्हणाली. "ब्रेक नवा हाय. लई विश्वास टाकू नका त्याच्यावर एवढ्यात."

मामा म्हणाले की असल्या घरात पाणी प्यायलो हेच खूप झालं. उपासामुळं ते पाणीच प्यायले होते, शिवाय दोन वेळा खिचडी आणि डझनभर केळी. आण्णांनी हात जोडले. गाडी गेली.

घाटाच्या तोंडाशी एक सपाट खडक आहे. तिथून खालची बरीच वळणं दिसतात. मी पळत तिथं गेलो, कारण ब्रेक मी बसवला होता. थोड्या वेळानं मागं पावलं वाजली. आण्णा होते. त्यांच्या मागं अक्का. आई दारातूनच काय झालं, काय झालं, विचारत होती.

गाडीचा दिवा झाडात गेला. बाहेर आला. पुढच्या वळणाच्या आधी मागचा तांबडा दिवा लागला, म्हणजे ब्रेक दाबला. गाडी वळली. परत झाडात. परत तांबडा. दर वळणाला आम्ही तिघं श्वास धरायचो आणि सोडायचो, पण एकमेकांकडं बघत नव्हतो. शेवटी खाली नदीच्या पुलावर तो दिवा सरळ, सावकाश पलीकडं गेला.

आण्णा खाकरले. "पाना कुठाय?"

माझ्या हातातच होता.

"धुऊन जागेवर ठेव. उद्यापातूर उचलायचा न्हाई."

"बरं."

ते वळून घराकडं चालायला लागले. चार पावलं गेल्यावर थांबले. आमच्याकडं न बघता, वाटेतला एक दगड पायानं बाजूला सारत म्हणाले, "वैजे, ते कोल्हापूरचं कवा हाय तुझं?"

"दिवाळी झाल्यावर."

"दिवाळी झाल्यावर एस.टी.ला गर्दी असतीया," आण्णा म्हणाले. "आधीच जा."